तासिकेत मावणारी सहल

(वसंत व्याख्यानमालेत भिवंडी येथे दिलेले व्याख्यान)



मी भिवंडीत तीस वर्षं इतिहास शिकवला. शिलाहारांचा काळ आला की फळ्यावर ‘शिलालेख’ असा शब्द लिहायचो आणि मुलं तो वहीत उतरवून घ्यायची. एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, शिलालेख हाताला कसा लागतो?” मी म्हटलं, “खडबडीत.” आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो.

लोनाडजवळ चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके 1161चा शिलालेख आहे. लोनाडच्या डोंगरात बौद्ध लेणं आहे, त्यात शिल्पपट कोरलेला आहे, गावात जुनं शिवमंदिर आहे. हे सगळं आपल्याच तालुक्यात, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. त्या मुलीला मी तिथं नेऊ शकलो नाही, कारण शाळेकडे गाडी नव्हती. आज त्याच गाडीबद्दल बोलायला उभा आहे.

तुम्ही म्हणाल, सहली निघतातच की! निघतात, वर्षातून एकदा. परवानगीचे कागद, पालकांची संमतिपत्रं, एसटीचं आरक्षण. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते, ते चांगलंच आहे. तरी वर्गणी जमत नाही म्हणून लूमवर काम करणाऱ्याचं मूल घरी राहतं. गेलेली मुलं पहाटे पाचला निघतात, दिवसात चार ठिकाणं बघतात आणि परतताना झोपतात. फेब्रुवारी 2016मध्ये मुरूडच्या समुद्रात कॉलेजच्या सहलीतली मुलं बुडाली. त्यानंतर नियम कडक झाले आणि तसे ते व्हायलाच हवे होते. पण बऱ्याच मुख्याध्यापकांनी ‘सहलच नको’ असा सोपा अर्थ काढला.

स्वतःची मिनीबस असली की सहलीचा सगळा बाजच बदलतो. वीस मुलं आणि दोन शिक्षक तिसऱ्या तासाला निघतील, जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येतील. डबाही शाळेतच खातील. आणि मुख्य म्हणजे पुन्हा जाता येईल. मला सगळ्यात मोल वाटतं ते या ‘पुन्हा’चं. कामवारी नदी एकदा पाहिली तर मूल नाक दाबून परत येतं. तीच नदी त्याच पुलावरून जुलैत, नोव्हेंबरात आणि एप्रिलमध्ये पाहिली, दर वेळी पाण्याची उंची आणि रंग वहीत नोंदला, की मूल स्वतःच विचारू लागतं, “हा रंग येतो कुठून?” हा प्रश्न मी फळ्यावर कितीही वेळा लिहिला असता तरी त्यांचा झाला नसता.

पाण्याचंच आणखी एक सांगतो. भातसा नदीचं पाणी आपल्या तालुक्यातल्या पिसे बंधाऱ्यावर उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईला जातं. आमच्या वर्गातली कितीतरी मुलं सकाळी नळावर हंडा लावून मग शाळेत यायची. त्यांनी रीतसर परवानगी काढून तो बंधारा आणि ते जलवाहिन्यांचे अजस्र नळ पाहिले, तर भूगोल आणि नागरिकशास्त्र एकाच तासात शिकवून होईल. त्यानंतर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणं मात्र आपल्याला अवघड जाईल, आणि तसं ते जावं.

मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायची ही कल्पना माझी नाही. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिकणं चार भिंतींत अडकवायचं नाही, हे त्यांनी पायी चालून दाखवलं. आपल्याला तर फक्त डिझेल घालायचं आहे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. चालक, विमा, मदतनीस, देखभाल. शालेय बसची नियमावली पाळायची तर काटकसर करताच येत नाही, करूही नये. एकेका शाळेला ते झेपणार नाही. म्हणून चार शाळांनी मिळून एक गाडी घ्यावी. आपल्या गावात मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा एकेका गल्लीच्या अंतरावर आहेत, पण त्यांची मुलं एका बाकावर कधी बसत नाहीत. ती लोनाडच्या वाटेवर एका सीटवर बसतील. शिलालेखाइतकीच मला या सीटची ओढ आहे.

आणि ज्या संस्थांकडे गाड्या आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या पिवळ्या गाड्या सकाळी मुलांना सोडतात आणि दुपारपर्यंत पटांगणात उन्हात उभ्या राहतात. ते तीन-चार तास शेजारच्या शाळेला द्या. जूनमध्ये नवं वेळापत्रक लावाल, तेव्हा आठवड्यातल्या एका चौकटीत विषयाच्या जागी ‘गाडी’ असं लिहा. पाऊस सरला की पहिली फेरी चौधरपाड्याला काढा आणि मुलांना त्या दगडावरून हात फिरवू द्या.