शाबासकी की दरडावणी?
(कापडे येथील पालक सभेतील भाषण)



"सर, शाबासकीने पोर बिघडते, दरडावले की सुधारते," असे पालक मला सांगतात. इस्रायलच्या हवाई दलातील वैमानिक-शिक्षकांचाही हाच अनुभव होता. पुढे २००२ साली नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन यांनी त्यांना खडूच्या खुणेकडे पाठ करून दोन नाणी फेकायला लावली. पहिले नाणे खुणेजवळ पडलेल्यांचे दुसरे बहुधा दूर गेले. दूर पडलेल्यांचे जवळ आले. तेथे ना कोणी शाबासकी दिली, ना दटावले! फार चांगल्या वा फार वाईट दिवसानंतर माणूस बहुधा आपोआपच नेहमीच्या पायरीवर येतो.

दहापैकी दोन गुण मिळालेल्या एका मुलाला मी वर्गासमोर फटकारले होते. पुढच्या चाचणीत त्याला पाच मिळाले. श्रेय मी माझ्या दरडावणीला दिले. पहिल्या चाचणीला तो अंगात ताप घेऊन बसला होता, हे मागाहून कळले. गुण वाढले; पण त्याने मला पुन्हा कधी शंका विचारली नाही.

म्हणून विनंती, चूक जरूर दाखवा, परंतु मुलाचे मन मोडू नका. धीर खचलेले मूल प्रश्न विचारीत नाही, आणि प्रश्न थांबला की शिक्षण थांबते.