आंतल्या खोलींतील खेळ आणि दिवाणखान्याचा पडदा

रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतात. आंतल्या खोलींत टेबलाखालीं कॉम्प्युटर मंदपणें घुमत असतो आणि दिवाणखान्यांत मोठा टेलिव्हिजन रिकामा पडलेला असतो. खेळ आंतल्या यंत्रांत, बसावयाची ऐसपैस जागा बाहेर! मुलांना तोच खेळ मोठ्या पडद्यावर हवा असतो, आणि तसें करतां येतें ही वार्ता आतां बहुतेक घरीं पोंचली आहे. प्रयोग होतो, चित्र उमटतेंहि. परंतु कळ दाबल्यावर पडद्यावरील गाडी किंचित् उशिरां वळते आणि मधूनच चित्राच्या ठिकऱ्या उडतात. मग वडील मंडळी निदान करतात कीं, इंटरनेटचा वेग अपुरा आहे. अधिक महाग योजना घेतली जाते. आणि त्या रात्रीं गाडी पूर्वीइतक्याच उशिरां वळते.

हें निदान मुळांतच चुकलेलें असतें. घरच्या कॉम्प्युटरवरून घरच्याच टेलिव्हिजनवर जाणारें चित्र घराचा उंबरठा ओलांडीतच नाहीं. तें कॉम्प्युटरमधून निघतें, राउटर नांवाच्या पेटींत येतें व तेथून टेलिव्हिजनकडे वळतें. खेळ विकत घेण्यास आणि उतरवून घेण्यास बाहेरचें जग लागतें, हें खरें. पण खेळ चालूं असतां चित्रांची ही ये-जा चार भिंतींच्या आंतलीच असते. रस्ता रुंद झाल्यानें माजघरांतली अडगळ हटत नाहीं.

ही सोय कांहीं फार जुनी नव्हे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें आपल्या ‘स्टीम’ या खेळांच्या दुकानांत ती २०१४ सालीं सर्वांस खुली केली. पुढच्या वर्षीं टेलिव्हिजनला जोडावयाची ‘स्टीम लिंक’ नांवाची चिमुकली पेटी आली. २०१८ च्या अखेरीस ती बंद झाली आणि तिचें काम टेलिव्हिजनमध्येंच बसवावयाच्या ॲपनें पत्करलें. ज्यांना त्या दुकानाशीं बांधून घ्यावयाचें नसेल त्यांच्यासाठीं कॉम्प्युटरवर ‘सनशाइन’ आणि टेलिव्हिजनवर ‘मूनलाइट’ ही विनामूल्य जोडी आहे.

नांव कोणतेंहि असो, आंत चालणारें काम एकच. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रें येतात आणि प्रत्येक चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. हीं चित्रें जशींच्या तशीं पाठवूं म्हटलें तर सेकंदाला सुमारें ३०० कोटी बिट धाडावे लागतील; घरगुती जोडणीला तो भार झेपणारा नाहीं. म्हणून कॉम्प्युटर प्रत्येक चित्र दाबून त्याचा आकार सुमारें शंभरांश करतो. २० ते ३० मेगाबिटांचा तो प्रवाह टेलिव्हिजनकडे जातो, तेथें पुन्हां उलगडतो, आणि खेळणाऱ्याच्या अंगठ्याची आज्ञा त्याच वाटेनें उलट येते.

श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल. चित्रपटहि असाच दाबून येतो. मग तो साध्या जोडणीवर सुरळीत चालतो तो कसा? चित्रपट पुढें काय दाखविणार हें ठरलेलें असतें, म्हणून टेलिव्हिजन पुढचीं कांहीं सेकंद आधींच भरून ठेवतो. मध्यें वाट अडली तरी घरांत साठवलेल्या पाण्यावर नळ गेल्याचें कळत नाहीं तसें होतें. खेळांत हें चालत नाहीं. पुढचें चित्र खेळणाऱ्यानें कळ दाबेपर्यंत अस्तित्वांतच नसतें. एका चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात, आणि हा क्रम चुकला कीं डोळ्याआधीं अंगठ्याला तें जाणवतें. येथें वेगापेक्षां नियमितपणाला किंमत आहे.

आणि नियमितपणांतच वाय-फाय उणें पडतें. १९७१ सालीं हवाई विद्यापीठानें बेटांबेटांवरचीं यंत्रें रेडिओनें जोडलीं, त्या योजनेचें नांव अलोहानेट. दोन यंत्रें एकदम बोललीं कीं दोघांचेंहि बोलणें फुकट, मग थोडें थांबून पुन्हां बोलावें, असा तेथील शिरस्ता होता. त्यावरून स्फूर्ति घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं झेरॉक्सच्या संशोधन केंद्रांत तारेवरची योजना मांडली आणि तिला नांव दिलें इथरनेट. गंमत अशी कीं, ज्या ईथरवरून तिचें नांव पडलें ती हवेंतली वाट सोडून ती तारेवर आली. वाय-फायमध्यें मात्र एकानें बोलावें व इतरांनीं थांबावें, हें अजून सुटलेलें नाहीं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा अवघ्या तीन. त्यांवर शेजारच्या बिऱ्हाडांचे राउटर आणि स्वयंपाकघरांतला मायक्रोवेव्हहि हक्क सांगतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, परंतु तो काँक्रीटच्या भिंतींपुढें लवकर हतबल होतो.

आतां एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. कॉम्प्युटर आणि टेलिव्हिजन दोन्ही वाय-फायवर असतील तर प्रत्येक चित्र हवेंतून दोनदां जातें : एकदां राउटरकडे व एकदां राउटरकडून. म्हणून दोहोंपैकीं एकालाच तार देणें शक्य असेल तर ती कॉम्प्युटरला द्यावी आणि राउटर दिवाणखान्यांत, टेलिव्हिजनच्या दृष्टीसमोर ठेवावा. पुष्कळ घरीं एवढ्यानेंच काम भागतें. दोघांनाहि तार मिळाली तर उत्तमच. कॅट ५ई जातीची केबल १०० मीटरपर्यंत १००० मेगाबिट वाहते. वायरमन ती भिंतीच्या कडेनें प्लॅस्टिकच्या पट्टींतून नेऊं शकतो, मात्र विजेच्या तारांच्या नळींतून ती नेऊं नये. कित्येक टेलिव्हिजनचें केबलचें द्वार १०० मेगाबिटांचेंच असतें. तें पाहून घाबरण्याचें कारण नाहीं, ३० मेगाबिटांना तें भरपूर आहे.

एवढें करूनहि उशीर राहिला तर बोट टेलिव्हिजनकडे वळवावें. चित्र सुंदर करण्याच्या नादांत कित्येक संच स्वतःच बराच वेळ खातात. सेटिंग्जमध्यें ‘गेम मोड’ लावला कीं तो उशीर पुष्कळ कमी होतो. आणि टेलिव्हिजनला कॉम्प्युटर मुळीं सांपडतच नसेल, तर बहुधा दोघांपैकीं एक पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या निराळ्या वाय-फायवर असतो. तेथें यंत्रांना एकमेकांचें दर्शन मुद्दाम होऊं दिलेलें नसतें. बुद्धिबळ वा पत्त्यांचा डाव खेळणारांनीं हा सारा खटाटोप न केला तरी चालेल. तो आहे मोटारशर्यतीच्या आणि फुटबॉलच्या शौकिनांसाठीं.

तार जोडल्यावर आणखी एक सोय पदरांत पडते. झोंपलेला कॉम्प्युटर उठविण्यासाठीं आंत जावें लागत नाहीं. त्याच्या सेटिंग्जमध्यें तशी परवानगी दिलेली असली कीं दिवाणखान्यांतून एक छोटा संदेश तारेवर सोडला जातो. त्यांत कॉम्प्युटरच्या जाळें-पत्त्याचा उच्चार लागोपाठ १६ वेळां केलेला असतो. शाळेच्या दिवशीं मुलांना उठवतांना घरोघरीं होतो तसाच. फरक इतकाच, कॉम्प्युटर सोळाव्या हांकेला उठतो.