रक्ताचे नाते, बोलीचे नाते



माझे नाव ऐकले की नवखा माणूस विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, "कोराडीचा." त्याचे समाधान होत नाही. त्याला त्याही मागचे मूळ हवे असते. म्हणून आज या मुळाविषयीच बोलतो.

आपल्या मेळघाटात कोरकू आणि गोंड शेजारी राहतात. बोली मात्र वेगळ्या कुळांच्या. गोंडी ही तेलुगूसारखी द्राविडी. कोरकू ही संथाळी, मुंडारीची बहीण आणि थेट कंबोडियातल्या ख्मेर भाषेची दूरची नातेवाईक. बोली वेगळी, म्हणजे रक्तही वेगळे, असा आपला हिशेब.

ज्ञानेश्वर चौबे आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली गोंडांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा हिशेब चुकला. गोंडांचे जवळचे नाते निघाले ते मुंडा भाषा बोलणाऱ्यांशी, म्हणजे कोरकूंच्या भाषाकुळाशी.

मुंडा भाषकांची गोष्ट आणखी मजेची. जनुकांचा एक भाग फक्त बापाकडून मुलाकडे जातो, एक भाग फक्त आईकडून येतो. त्यांच्यातली बापाकडची एक मोठी ओळ आग्नेय आशियाशी जुळते. आईकडच्या ओळी बहुतांशी इथल्याच. पूर्वेकडून आलेल्या पुरुषांनी इथल्या बायकांशी संसार थाटले, असा अर्थ अभ्यासक लावतात.

कोणी म्हणेल, मग कोरकू बाहेरचे! तसे पाहिले तर सुटतो कोण? मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आज असंख्य भारतीयांत कमीअधिक आहे, हे २०१९ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. एकाच घराण्याच्या अंगणात अनेक दिशांच्या वाटा येऊन मिळाल्या आहेत.

धर्माचेही तसेच. देवगडच्या बख्त बुलंद शाहाने इस्लाम स्वीकारला आणि १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. नागपूरकर त्याला आजही गोंड राजा म्हणूनच ओळखतात.

प्रयोगशाळा प्रवासाची वाट सांगते, हक्क ठरवत नाही. २००६ चा वनहक्क कायदाही आदिवासीची जंगलातली वहिवाट विचारतो, रक्ताचा थेंब मागत नाही. रानाची नावे ज्याच्या बोलीत आहेत, त्याला 'तू कुठला' असे विचारण्याआधी आपण आपलीच वाट थोडी मागे जाऊन पाहावी. ती कुठल्यातरी वळणावर त्याच्याच वाटेला मिळालेली असेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)