समुद्रकांठचा निळा आठवडा



सुटीसाठीं दुसरें घर असावें ही हौस आपल्याकडे जुनी आहे. लोणावळें, माथेरान, महाबळेश्वर येथील जुने बंगले पाहिले म्हणजे वर्षांतून पंधरा दिवस दारें उघडण्यासाठीं बारा महिने माळ्याचा पगार देणारीं कुटुंबें होतीं, हें ध्यानांत येतें. मध्यम स्थितींतल्या गृहस्थाला हें झेपणारें नाहीं. त्याची हौस ओळखून यूरोपांतील कांहीं व्यवहारी माणसांनीं एक तोड काढली. घर एक, धनी पुष्कळ. आणि वांटणी भिंतींची न करतां दिवसांची करावयाची. स्वित्झर्लंडमध्यें १९६३ सालीं ‘हापिमाग’ नांवाची संस्था या कल्पनेवर निघाली, आणि फ्रान्समधील आल्प्स पर्वतांतही त्याच दशकांत असा प्रयोग झाला. आज हिलाच टाइमशेअर म्हणतात. आपल्या देशांत ती १९८० नंतर रुजली.

नांव परकें असलें तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे. खेड्यांत चार भावांची विहीर सामाईक असते. सोमवारीं एकाची मोट चालते, मंगळवारीं दुसऱ्याची. विहिरीचा तुकडा कोणीच घरीं नेत नाहीं. प्रत्येकाची असते ती पाळी. टाइमशेअरमध्यें वर्षाच्या आठवड्यांना १ पासून ५२ पर्यंत अनुक्रमांक देतात, आणि आपण पैसे मोजतों ते त्यांतील एका पाळीबद्दल. आपल्याकडील पुष्कळ योजनांत ही पाळी पंचवीस वर्षांची असते. मुदत संपली कीं हातीं वीटही राहत नाहीं. शिवाय विहिरीचा गाळ काढण्याचा खर्च पाणी घ्या वा न घ्या, द्यावाच लागतो. तशी येथें दरसालची देखभालीची वर्गणी असते, आणि ती वाढत जाते.

पण पांच वर्षें तोच डोंगर पाहिल्यावर सहाव्या वर्षीं समुद्र आठवतो. १९७४ सालीं अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें डेहान दांपत्यानें आर. सी. आय. ही अदलाबदल करून देणारी संस्था काढली, ती या गरजेंतून. १९७६ मध्यें मायामी येथें इंटरव्हल इंटरनॅशनल ही तशीच दुसरी निघाली. पुष्कळांना असें वाटतें कीं, आपली किल्ली गोव्याच्या गृहस्थाला द्यावी व त्याची आपण घ्यावी, कीं झाली अदलाबदल. तसें नसतें. आपला आठवडा संस्थेच्या कोठारांत जमा करावयाचा; तेथें त्याचें मोल ठरतें; आणि त्या मोलांत बसणारा दुसऱ्या कोणाचा तरी आठवडा उचलावयाचा. त्याची फी निराळी. मोल ठरतें तें ठिकाण कोणतें, जागा किती माणसांची, आठवडा कितवा आणि तो किती आधीं जमा केला, यांवर. मे महिन्याचा आठवडा मे तोंडावर आल्यावर जमा करणें म्हणजे बाजार उठतांना भाजी मांडणें होय.

या आठवड्यांना रंगही असतात. सर्वांना हवा तो तांबडा, मध्यम मागणीचा पांढरा, आणि फारसा कोणाला नको तो निळा. या रंगांत हवापाण्याचा भाग आहे खरा. परंतु शाळांच्या वेळापत्रकाचा त्याहून मोठा आहे. लाखो घरांतील मुलांना एकाच वेळीं सुटी लागते, म्हणून मे तांबडा.

आमच्या घरीं एका थंड हवेच्या ठिकाणचा असा मेमधील तांबडा आठवडा आहे. मुलें शाळेंत होतीं तोंवर त्याच्यासारखें सुख नव्हतें. आतां मुलगा नोकरीला लागला, मुलीचेंही कॉलेज संपलें, आणि मातोश्रींच्या गुडघ्यांना तेथील पायऱ्या सोसेनात. मातोश्रींचें माहेर राजापूर तालुक्यांतलें, अगदीं खाडीच्या कांठचें. ‘पावसांतला समुद्र एकदां निवांत बसून पाहायचा आहे रे,’ एवढेंच त्या म्हणाल्या. म्हणून आम्हीं आमचा मे जमा केला आणि गोव्यांत, साष्टी तालुक्याच्या किनाऱ्यावर, जूनमधला २५ वा आठवडा मागितला. टेलिफोनवरील बाईंना नवल वाटलें. ‘साहेब, तांबडा देऊन निळा घेतां? नुकसान आहे तुमचें,’ असें त्यांनीं दोनदां बजावलें. यादीच्या हिशेबानें त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें.

कोंकण रेल्वेचा मार्ग १९९८ सालीं पुरा झाल्यापासून मुंबईची गाडी थेट मडगांवास पोंचते. तेथून समुद्र हाकेच्या अंतरावर. कोलवा, बाणावली, वार्का, केळशी, मोबोर हीं गांवें वाळूच्या एका लांब पट्ट्याच्या कडेला ओळीनें बसलीं आहेत, आणि तो पट्टा दक्षिणेस साळ नदीच्या मुखाशीं संपतो. आमचें रिसॉर्ट यांतल्याच एका गांवीं होतें. दोन खोल्या, समुद्राकडे तोंड केलेला सोपा, आणि एक लहानसें स्वयंपाकघर. त्यांतील भांड्यांची यादी भिंतीवर टांगलेली: पेले सहा, बशा सहा, कढई एक. ती वाचून माझी पत्नी म्हणाली, ‘चूल इथेंही माझीच असेल तर मी घरीं काय वाईट होतें?’ चहाखेरीज कांहीं करावयाचें नाहीं, आणि तोही पाळीनें, असें पहिल्याच संध्याकाळीं ठरलें. या घरगुती जागांच्या जाहिरातींत स्वयंपाकघराचें मोठें कौतुक असतें. तें लिहिणाऱ्यानें सुटींत पोळ्या लाटल्या नसाव्यात.

किनाऱ्यावर तांबडे बावटे रोंवलेले, पोहण्यास मनाई. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत गोव्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळें होड्या वाळूवर ओढून झांपांखालीं निजवून ठेवल्या होत्या. हिंवाळ्यांत गजबजणारीं हंगामी उपाहारगृहें कधींच मोडून नेलेलीं. पाहण्यासारखें एकच होतें. क्षितिजावर काळी रेघ उमटे, ती रुंदावत जवळ येई, आणि मग माडांवर पाऊस कोसळे. मातोश्री सकाळीं सोप्यांत खुर्ची मांडून बसत त्या दिवेलागणीला उठत. मुलांना पहिले दोन दिवस हें कंटाळवाणें वाटलें. परंतु पाळी शनिवारपासून शनिवारपर्यंतची. मध्येंच उठून जाण्यांत पैसे बुडतात. तिसऱ्या दिवशीं मुलगा आजीजवळ खुर्ची ओढून बसला. नोकरी लागल्यापासून घरांत त्याचें बोलणें ‘हो’ आणि ‘नाहीं’ यांपुरतेंच उरलें होतें. त्या दिवशीं तो दुपारचा चहा होईपर्यंत बोलत होता.

खोल्या झाडावयास येणाऱ्या बाई त्याच गांवच्या. पावसाळ्यापूर्वीं सुकी मासळी, सोलें, मिरच्या, नारळ यांचा सांठा घरोघर कसा करतात, हें त्यांनीं मातोश्रींना सांगितलें. त्याला त्या ‘पुरुमेंत’ म्हणत. शब्द मूळचा पोर्तुगीज आहे. मातोश्री म्हणाल्या, ‘म्हणजे आमची आगोटीची बेगमीच कीं!’ मग कोंकणी आणि राजापुरी बोलींत दोघींचें जें चाललें, त्यांतलें निम्में आम्हांला कळलें नाहीं.

त्याच बाईंनीं आम्हांला २४ जूनला गांवच्या विहिरीवर बोलाविलें. हा सांजांवचा दिवस, संत जॉन बाप्तिस्ताचा सण. बायबलांतील कथेप्रमाणें मरिया भेटीस आली तेव्हां एलिझाबेथच्या उदरांतील बाळानें आनंदानें उडी घेतली; त्या उडीची आठवण म्हणून त्या दिवशीं गोव्यांतले लोक भरल्या विहिरींत उड्या घेतात. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट, त्याला म्हणतात कोपेल. घुमट वाजत होता, फणस व अननस फोडले जात होते. नव्या जावयाचा या दिवशीं सासुरवाडीला मोठा मान असतो, अगदीं आपल्या अधिक मासांतल्यासारखा. त्याला सर्वांनीं मिळून विहिरींत उतरविलें. मातोश्री छत्रीखालीं कठड्याशीं उभ्या राहून इतक्या हंसल्या कीं, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मुंबई-पुण्याकडे गेलेलीं त्या गांवचीं मुलें या एका दिवसासाठीं रजा काढून आलेलीं दिसलीं. यादींतला आमचा निळा आठवडा त्यांचा तांबडा होता.

आतां ज्यांच्या मनांत अशी पाळी विकत घेण्याचें आहे त्यांच्यासाठीं थोडा हिशेब. समजा, प्रथम तीन लाख रुपये भरले आणि वर्गणी सालीना पंधरा हजार. पंचवीस वर्षांत एकूण ६,७५,००० रुपये झाले. रात्री मिळाल्या १७५. म्हणजे एका रात्रीचे सुमारें ३,८५७ रुपये पडले. शिवाय वर्गणीची वाढ, अदलाबदलीची फी आणि प्रवासखर्च निराळा. एखाद्या वर्षीं आजारपण किंवा परीक्षा आडवी आली व आठवडा वेळेवर जमा झाला नाहीं, तर सात रात्री कमी धरा. हा आंकडा आपण एरवीं ज्या हॉटेलांत उतरतों त्याच्या दराशेजारीं मांडून पाहावा. कुटुंब मोठें असेल आणि दरसाल नेमानें बाहेर पडणारें असेल, तर तो स्वस्तही ठरेल. हा व्यवहार सरसकट फसवणुकीचा आहे असें मी म्हणणार नाहीं.

मात्र भेटवस्तूचें आमंत्रण देऊन बोलावितात आणि त्याच बैठकींत सही मागतात, तेव्हां उठून यावें. यूरोपीय संघानें १९९४ सालीं केलेल्या नियमांत असा करार मोडण्यासाठीं खरेदीदाराला किमान दहा दिवस दिले होते. २००८ मध्यें ते चौदा केले, आणि तेवढ्या मुदतींत आगाऊ पैसा घेण्यास असलेली मनाई कायम ठेवली. आपण घरापुरता हाच नियम करावा. त्या चौदा दिवसांत एका कागदावर घरांतील प्रत्येकाचें आजचें वय लिहावें, शेजारीं पंचवीस वर्षांनंतरचें लिहावें, आणि मे महिना कोणाला किती वर्षें लागणार आहे तें पाहावें.

आमच्या करारांत आणखी सहा मे उरले आहेत. मातोश्रींनीं पुढील वर्षींही जूनच मागितला आहे. मुलाला डिसेंबर हवा. डिसेंबरमधल्या गोव्यासाठीं आमच्यापुढें किती मंडळी आहेत, असें मीं त्या टेलिफोनवरील बाईंना विचारलें, तर त्या नुसत्या हंसल्या.