नाशिकहून मोम्बासाला: शरणपूरच्या पोरांची गोष्ट

आजचा भाग मालवणहून रेकॉर्ड करतोय. मागे समुद्राचा आवाज येत असेल तर तो एडिट करून काढलेला नाही, मुद्दाम ठेवलाय. कारण आजची गोष्ट याच समुद्रावरून जाते.

विषय आहे मिशनरी सेवा. आता हा शब्द ऐकला की आमच्या सिंधुदुर्गातल्या जुन्या माणसांना वेंगुर्ल्याचा मिशनचा दवाखाना आठवतो. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर रॉबर्ट गोहीन तिथे काम करायचे. त्यांच्या मुलाचा जन्म वेंगुर्ल्यातला, १९१९ चा. तो पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० भारतातला अमेरिकेचा राजदूत. वेंगुर्ल्याचा पोरगा, बोला!

पण या गोष्टीत बाण कुठून कुठे जातो बघा. तिकडून इकडे. बाहेरून कोणीतरी येतो, सेवा करतो, आपण घेतो. आपल्या डोक्यात मिशनचं चित्र हेच असतं. आज मला उलट्या बाणाची गोष्ट सांगायची आहे. महाराष्ट्रातून आफ्रिकेत गेलेल्या मिशनरी माणसांची. आणि तीही गोऱ्या माणसांची नाही.

नाशिकला राहणाऱ्यांनो, शरणपूर रोड माहितीच असेल. रोज ट्रॅफिकमध्ये अडकता तिथे. हे 'शरणपूर' नाव आलं कुठून? १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम साल्टर प्राइस या पाद्र्याने नाशिकजवळ एक ख्रिस्ती वसाहत सुरू केली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर. तिथे अनाथ मुलं होती, धर्मांतर केल्यामुळे घराबाहेर पडलेली माणसं होती. आणि आफ्रिकन मुलं होती.

आफ्रिकन मुलं नाशिकला कशी? त्या काळात पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून, गलबतांत भरून अरबस्तानाकडे गुलाम म्हणून विकायला नेत. ब्रिटिश आरमार समुद्रात अशी गलबतं अडवायचं. सुटका झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना मुंबईला आणलं जायचं. मोठी माणसं गोदीत, जहाजांवर कामाला लागायची. लहान मुलांचं काय करायचं, हा सरकारपुढे प्रश्न. त्यातली बरीच मुलं शरणपूरला गेली. तिथे शाळा, इंग्रजी, सुतारकाम, लोहारकाम आणि बाप्तिस्मा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलू. या मुलांना कोणी विचारलं नव्हतं. ना गुलाम करताना, ना नाव बदलताना, ना धर्म देताना. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, विल्यम जोन्स ही नावं त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नाहीत. जीव वाचला, शिक्षण मिळालं, हे खरं. आपलं म्हणावं असं सगळं मागे राहिलं, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आता डेव्हिड लिव्हिंगस्टन. शाळेच्या पुस्तकातला आफ्रिकेचा संशोधक. हा माणूस १८६४ मध्ये एक लहानशी बोट घेऊन झांझिबारहून थेट मुंबईला आला होता! पुढच्या वर्षी तो परत मुंबईत आला, आणि १८६६ च्या सुरुवातीला शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची नऊ मुलं होती. १८७२ मध्ये त्याच्या मदतीला आणखी एक तुकडी गेली. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन त्या तुकडीतले.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात, चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. बरोबरच्या आफ्रिकन माणसांनी ठरवलं की याचा देह त्याच्या देशात पोचवायचा. कोणाचा हुकूम नव्हता. सुसी आणि चुमा हे दोघे पुढारी. त्यांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून वाळवला, गुंडाळला आणि खांद्यावर घेऊन दीड हजार किलोमीटरच्या वर चालले. नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, किनाऱ्यावर बागामोयोला पोचले.

झाडाखाली काळीज पुरताना प्रार्थना वाचली जेकबने. त्यानेच झाडाच्या सालीवर अक्षरं कोरली. तो सालीचा तुकडा पुढे लंडनला नेला. त्यावर लिव्हिंगस्टनचं नाव आहे, तारीख आहे, आणि खाली बरोबरच्या तीन माणसांचीही नावं आहेत.

लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टनला पुरलं, १८ एप्रिल १८७४ ला. शवपेटीला खांदा देण्याचा मान मिळालेल्यांत जेकब होता. तिथल्या दगडावर लिहिलंय की विश्वासू हातांनी याला जमीन-समुद्र ओलांडून इथे आणलं. हात कोणाचे? नाव नाही. नाशिकमध्ये शिकलेल्या पोराने जंगलात, घाईत, झाडावर सोबत्यांची नावं कोरली. लंडनच्या दगडावर सगळी सवड असून जागा मिळाली नाही.

कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. काम पाच जणांचं, आणि रिलीज नोटमध्ये नाव एकाचं.

पण खरी सेवेची गोष्ट मोम्बासाची आहे. आजच्या केनियातलं बंदर. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे शरणपूरचे दोघे १८६४ मध्येच मोम्बासाजवळच्या रबाई गावात मिशनच्या कामाला गेले होते. १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांझिबारला गेले, आणि त्याच वर्षी सुलतानाशी समुद्रावरचा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा करार झाला. मग सुटलेली माणसं ठेवायची कुठे? फ्रिअरना नाशिकचं काम माहीत होतं. १८७४ च्या शेवटी प्राइस मोम्बासाला पोचला, आणि १८७५ मध्ये तिथे सुटलेल्यांची वस्ती उभी राहिली. नाव फ्रिअरटाउन.

ही वस्ती चालवायला हाताशी कोण? नाशिकची माणसं. शाळेत शिकवणारे, सुतार, लोहार, दुभाषे. आदल्या आठवड्यात बेड्या सुटलेल्या माणसाशी बोलायला ज्याच्या स्वतःच्या बेड्या लहानपणी सुटल्या तो माणूस समोर. यापेक्षा चांगला कार्यकर्ता कुठून आणणार? फ्रिअरटाउनला एक घंटा होती, गुलाम पकडणारे आले की इशारा द्यायला. स्वाहिलीत घंटा म्हणजे केंगेले. मोम्बासात त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात.

रबाईला तर याहून धोक्याचं काम झालं. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम तिथे आसरा घ्यायला लागले. जोन्ससारख्यांनी त्यांना परत पाठवलं नाही. मिशनच्या वरिष्ठांना हे अडचणीचं वाटत होतं, कारण मालक हल्ला करतील अशी भीती. माणसं येतच राहिली. शेवटी १ जानेवारी १८८९ ला ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजून सुमारे १,४०० जणांना मुक्तीचे कागद दिले. ज्यांनी आधी दार उघडं ठेवलं नसतं, तर ते कागद द्यायला माणसं उरली असती का?

आता कडू भाग. काम नाशिकच्या माणसांचं, अधिकार दुसऱ्यांचा. फ्रिअरटाउनच्या एका गोऱ्या अधीक्षकाच्या काळात वस्तीतल्या लोकांना फटक्यांची शिक्षा होत होती. तक्रारी झाल्या, चौकशी झाली, त्याला जावं लागलं. जोन्स आणि सेमलर यांना पाद्री म्हणून दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. म्हणजे कामाला लागल्यावर २१ वर्षांनी! त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले, बरोबर जोन्स. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले आणि मारले गेले. मागे राहिलेला तांडा जोन्सने किनाऱ्यापर्यंत परत आणला.

आणि या माणसांचं गाव कुठलं? आमच्या मालवणीत अनोळखी माणूस दिसला की पहिला प्रश्न, "तुमी खयचे?" यांनी काय उत्तर द्यायचं? भारतात ते आफ्रिकन. आफ्रिकेत गेले तर तिथे त्यांना म्हणायचे बॉम्बे आफ्रिकन, मुंबईवाले. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये वारला, तो केनियातच.

हे सगळं आज का सांगतोय? कारण आपल्या पिढीला सेवेची आवड आहे. ऑफिसचा सीएसआर, वीकेंडचं बीच क्लिनिंग, सुट्टीत गावच्या शाळेत कोडिंग शिकवणं. आमच्या किनाऱ्यावर अशा बसेस येतात. चांगलंच आहे, या. फक्त येण्याआधी तीन प्रश्न विचारा, जे फ्रिअरटाउनला विचारले गेले नाहीत.

एक, ज्यांच्यासाठी करतोय त्यांच्यातला कोणी निर्णय घेणाऱ्यांत आहे का? की तो फक्त भाषांतराला आणि सामान उचलायला? दोन, आपली बस परत गेल्यावर हे काम कोण चालवणार, आणि त्याला त्याचे पैसे मिळतात का? तीन, पोस्ट टाकताना नावं कोणाची येणार? मच्छी सुकवणाऱ्या ज्या मावशीने जाळ्यांचा कचरा कुठे साठतो ते दाखवलं, तिला विचारून तिचं नाव टाका. "स्थानिकांच्या मदतीने" असं लिहून सोडू नका. "विश्वासू हात" असंच असतं ते.

सेवा वाईट नसते. शरणपूर नसतं तर ही मुलं कुठल्या बाजारात विकली गेली असती सांगता येत नाही. पण मदत घेतलेलं माणूस एक दिवस मदत करणारं होतं, तेव्हा त्याला बरोबरीची खुर्ची द्यावी लागते. शरणपूरने पोरांना हातात काम दिलं. मोम्बासाने त्यांना खुर्ची द्यायला २१ वर्षं लावली.

पुढच्या वेळी शरणपूर रोडला सिग्नलवर थांबलात, तर शेजारच्याला ही गोष्ट सांगा. आणि तुमच्या भागात अशी कोणाची राहून गेलेली नावं माहीत असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, येतंय!