कोपीतला हिवाळा



चैत्राच्या उकाड्यात हिवाळ्याविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे विचित्रच. पण ज्या घरांविषयी आम्ही बोलणार आहोत ती घरे हिवाळ्यातच असतात. कार्तिकात ती उभी राहतात आणि फाल्गुनाच्या आसपास मोडतात. आज तुम्ही-आम्ही या मंडपात बसलो असताना त्यांच्या जागी काळ्या चुली आणि चार खुंट्या तेवढ्या उरल्या आहेत. कराडहून सांगलीकडे येताना ती घरे तुम्ही सर्वांनी मोटारीच्या खिडकीतून पाहिलेली आहेत. बांबूच्या चटया उभ्या करावयाच्या, वर पाचट घालावयाचे, त्यावर फाटके मेणकापड ओढावयाचे, की झाली कोपी. दार नाही, वीज नाही, नळ नाही. गाव हाकेच्या अंतरावर असले तरी ते गाव त्यांचे नसते. म्हणून जंगलातल्या माणसाला जेवढे एकटे वाटत असेल तेवढेच कृष्णाकाठच्या गाडीतळावर पौषातल्या रात्री वाटते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सगळे कारखान्याच्या फाटकाशी आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे भाषेत काही खडे लागले तर ते बाजूला काढावेत.

ऊसतोडणीला येणारी माणसे बीडची, अहिल्यानगरची, आणि आपल्याच जत-माणची. जतहून वाळव्याला येणारा मनुष्य जिल्ह्याच्या हिशेबाने परगावीसुद्धा गेलेला नसतो, पण कोपीत तोही बीडवाल्याच्या शेजारीच राहतो. नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. मुकादमाच्या वहीत माणूस हत्याराच्या नावाने लिहिला जातो, यावर आम्ही वीस वर्षे भाषणे केली आणि टाळ्याही घेतल्या. परंतु त्या कोयत्याच्या घरात आणखी कोण कोण राहते, याची मोजदाद मुकादमाने केली नव्हती आणि आम्हीही केली नव्हती. ती चूक आम्हांला कशी कळली, ते सांगतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यापुढे आम्ही मागणी ठेवली की, तोडणी कामगारांना पक्क्या खोल्या द्या. कारखान्याचे नाव सांगत नाही. दोन हंगाम भांडलो, धरणे धरले, आणि अखेर चोवीस खोल्यांची चाळ उभी राहिली. खाली फरशी, वर पत्रा, प्रत्येक खोलीत विजेचा दिवा. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तो चाळीच्या पाठीमागे कोप्या उभ्या! खोल्यांत बाजरीची पोती, पेट्या, जादा चटया. आणि माणसे बाहेर, पाचटात.

आम्हांला राग आला. तुम्हांला सुधारावयाचेच नाही, असे काहीबाही आम्ही बोललो. तेव्हा बैलांपुढे वाढे टाकीत असलेली एक म्हातारी कमरेवर हात देऊन उभी राहिली आणि म्हणाली, “दादा, खोलीला दार लई चांगलं हाय. पर दार लावलं तर बैल दिसंनात, आन् उघडं ठिवलं तर खोलीचा काय उपेग?”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्याच हंगामात, पौषात, आम्ही वळकटी घेऊन आठ दिवस त्या तळावर राहावयास गेलो.

तळावर पहाटे तीनला जाग येते. घड्याळाची गरज पडत नाही. बैलाने मान हलविली की घुंगरू वाजते आणि त्या आवाजावर सबंध तळ उठतो. बाई चुलीत पाचटाचा बोळा सारते, फुंकते, आणि जाळ झाला की राखेतून कुत्रा उठतो. कोपीतल्या कुत्र्याची हिवाळ्यातली जागा ठरलेली : निजताना चूल विझली की तो उबदार राखेत जाऊन वेटोळे करतो. आमच्या यजमानांचा कुत्रा मुळात तांबडा होता, हे आम्हांला चौथ्या दिवशी दुपारी समजले. तोवर आम्ही त्याला करडाच समजत होतो.

पुरुष उठला की तोंड धुण्याआधी बैलांकडे जातो. कानाला हात लावून पाहतो, मग नाकपुडीवर बोट फिरवितो. कान गार आणि नाकपुडी कोरडी म्हणजे जनावराच्या अंगात काही आहे. अंगावर खताच्या पोत्यांची शिवलेली झूल असते, ती काढली की बैलाच्या पाठीतून वाफ निघते. जूं बसते तो खांदा तेलाने चोळावयाचा. सूज दिसली तर त्या दिवशी उसाचे ओझे कमी. नवऱ्याचा स्वतःचा खांदा मोळ्या वाहून सोललेला असतो, त्याला तेल लावलेले आम्ही आठ दिवसांत एकदाही पाहिले नाही. तेवढ्यात बाई शेळीची धार काढते. शेळी दावणीला असली की चहा पांढरा होतो, नसली की काळा. दोन वेळच्या भाकऱ्या तेव्हाच थापावयाच्या, कारण साडेचारला गाडी फडाकडे निघते.

गाडीबरोबर एक कुत्रा जातो. तो दोन चाकांच्या मधोमध, गाडीच्या खालून चालतो. दुसरा मागे राहतो. शेळी, डालग्याखालच्या चार कोंबड्या, झोळीतले मूल आणि मुलाला झोका देणारी सहा-सात वर्षांची बहीण, एवढ्यांची राखण त्याच्याकडे. त्या मुलीने कोणत्या शाळेत असावयास हवे होते, तो विषय मोठा आहे आणि त्याला वेगळे व्याख्यान लागेल. साखरशाळा निघाल्या, पुष्कळ बंद पडल्या. आज आम्ही कुत्र्यापाशीच थांबतो.

कराड, पाटण, शिराळा, वाळवा या भागांत बिबट्याची मादी आता उसातच वितें. ऊस उंच, दाट, आणि वर्षभर माणसाचे पाऊल नाही. तिला याहून चांगले रान कोठे मिळणार? फड तोडता तोडता बछडी सापडतात, वनखात्याचे लोक येतात, बछड्यांना तेथेच ठेवून आईची वाट पाहतात. हे वर्तमानपत्रात छायाचित्रासह वाचावयास गोड वाटते. पण 2021 साली कराड तालुक्यात ऊसतोडणी कुटुंबातले एक लहान मूल बिबट्याने नेले. तेव्हापासून तळावर कुत्र्याची किंमत वाढली. त्यातही एक पेच आहे. कुत्र्याच्या वासाने बिबट्या येतो, आणि बिबट्या आल्याचे कुत्राच सांगतो. पहारेकरी तोच आणि भक्ष्यही तोच. जतकडच्या एका धनगराने आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बाहेर टोके काढलेला खिळ्यांचा पट्टा घातला होता, मेंढक्यांची जुनी रीत. बाकीच्या कुत्र्यांच्या गळ्यात सुतळी सुद्धा नव्हती. आपल्या शहरात हल्ली थंडीत कुत्र्यांना स्वेटर घालून फिरविताना आम्ही पाहतो. त्याला आमची काही हरकत नाही, कुत्र्याला थंडी वाजतेच.

त्या तळावर एक मांजरही होते. बाजरीची पोती उंदरांपासून राखावयास बीडहून टोपलीत घालून आणलेले. मांजर माणसाला धरत नाही, घराला धरते म्हणतात. या बिचारीचे घरच दर सहा महिन्यांनी मोडते. ती कशाला धरीत असेल, असा विचार आम्ही रात्री पडल्या पडल्या करीत असू. दुसरे करण्यासारखे काही नसे.

दुपारी गाडी भरते आणि पुरुष ती घेऊन कारखान्यावर जातो. तेथे वजनासाठी रांग. कधी रात्री दहाला मोकळा होतो, कधी पहाटे. रांगेत तो गाडीखालीच झोपतो, बैल जुवाशेजारी बसून रवंथ करतात. बाई वाढ्यांच्या मोळ्या घेऊन तळावर येते. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. आपल्या बैलांपुरते ठेवून उरलेले गावातल्या दूधवाल्यांना विकावयाचे. त्या पैशात तेल-मीठ सुटते, कारण तोडणीची मजुरी उचलीत आधीच गेलेली असते. सहा महिने नुसते वाढे खाऊन बैल हाडांनी खचतात, हे पुष्कळांना ठाऊक नाही. वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो, तो अंगातला चुना बांधून टाकतो. यावर चुन्याची निवळी पाजावी, असे आम्हांला एका पशुवैद्यांनी सांगितले. स्वस्त उपाय, पण सांगावयास तळावर कोणी जात नव्हते.

आता पाण्याचे. एक बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, जोडी सत्तर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर पाच खेपा, आणि त्या बाईने करावयाच्या, दिवसभर ऊस तोडून आल्यावर, अंधारात, दुसऱ्याच्या विहिरीवरून. माणसांच्या पाण्याच्या खेपा वेगळ्या. हा हिशेब आम्ही तिसऱ्या रात्री कागदावर मांडला आणि आमच्या जुन्या मागणीपत्राची आम्हांला लाज वाटली. त्यात खोलीचा दिवा किती उजेडाचा असावा हे होते, हौदाचा शब्द नव्हता.

दिव्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी बाटलीच्या बुचाला भोक पाडून वात घातलेली चिमणी असे. आता उन्हावर भरणारा छोटा सोलर दिवा मिळतो. दिवसभर तो कोपीच्या शेंड्यावर पडलेला असतो. आमच्या यजमानांकडे एकच होता. पहिल्या रात्री आम्ही समजलो, तो पाहुण्यासाठी आत लागेल. बाईने तो बाहेर, बैलांच्या खुंट्याशेजारच्या काठीला टांगला आणि आत चुलीच्या उजेडात जेवण वाढले. बैलजोडीची किंमत लाखाच्या पुढे जाते आणि ती उचलीतून घेतलेली असते. बैल गेला तर पुढचे दोन-तीन हंगाम फुकट राबावयाचे. पण नुसते एवढेच म्हटले तर तेही खरे होणार नाही. त्याच बाईला आम्ही त्याच बैलाशी, कोणी ऐकत नाही असे समजून, माहेरच्या गोष्टी बोलताना ऐकले आहे.

2022 च्या सप्टेंबरात लंपीची साथ आली आणि जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. लस टोचून अठ्ठावीस दिवस झाल्याशिवाय बैल हलवावयाचा नाही. रोगाच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु उचल घेतलेला गाडीवान गावीच अडकला, आणि कोणाचा बैल गेला तर त्याच्या वहीत कर्ज तेवढे राहिले. हिवाळ्यात बैल दगावला की पुसेगावच्या यात्रेत दुसरा शोधावयाचा, हा या भागातला जुना मार्ग. त्या वर्षी तोही सरळ राहिला नाही.

आम्ही नवे मागणीपत्र लिहिले : कोपीला लागून गोठा, तळावर हौद, दावणीला दिवा, पशुवैद्याची ठरलेली फेरी. ते आमच्याच सभेत वाचले तेव्हा एक कार्यकर्ती उठली. ती म्हणाली, “बीडमध्ये तोडणीवाल्या बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, 2019 साली विधिमंडळात त्यावर चर्चा झाली. बाईला डॉक्टर नाही आणि तुम्ही बैलाला डॉक्टर मागता?” सभा गप्प झाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते आणि आजही नाही. आम्ही पाण्याचा कागद काढून वाचला. पाच खेपा कोणाच्या डोक्यावर आहेत, ते विचारले. ती खाली बसली, पण पटले असे म्हणाली नाही. हौदाचे कलम मात्र तिनेच पहिल्या क्रमांकावर आणले आणि स्त्रियांच्या दवाखान्याचे दुसऱ्यावर. पशुवैद्य पाचवा गेला. आम्ही मान्य केले.

हौद झाला. दावणीला दिवा झाला. गोठे झाले नाहीत. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, त्यात पुष्कळांचे कष्ट होते. सरकारने 2025 साली अपघाताच्या मदतीत जळालेली झोपडी आणि दगावलेली बैलजोडी धरली, याचे आम्हांला मनापासून बरे वाटले. पाचटाची कोपी कशी पेटते ते ज्याने पाहिले आहे, त्याला त्या दोन शब्दांची किंमत कळते. एका तळावर आग लागली तेव्हा एका बाईने आधी मूल बाहेर टाकले, मग कोयत्याने बैलांची दावी तोडली, आणि पेटीकडे वळली तो पेटी नव्हतीच. पंचनाम्यात पेटीतल्या वस्तूंची यादी आली. शेळी आतच होती, ती कोणत्या रकान्यात लिहावी याचा कारकुनाला प्रश्न पडला होता.

आता बैल कमी होत आहेत. छोटे ट्रॅक्टर आले, ऊस तोडणारी यंत्रे आली. गेल्या हंगामात आमच्या त्या जुन्या तळावर निम्म्याहून जास्त कोप्यांपुढे बैल नव्हता. माणसे ट्रॉलीतून येतात आणि ट्रॉलीतूनच जातात. शेळी, कोंबड्या ट्रॉलीत चढतात, कारण त्यांचा पैसा होतो. कुत्रा पूर्वी गाडीखालून आपल्या पायांनी गावी परत जात असे. त्याला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. ट्रॉलीत जागा कोणाला, ते मुकादम ठरवितो.

काल इकडे येताना त्या तळावर थांबलो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम आटोपून, पंधरवडा झाला. हौदात तळाशी थोडे पाणी होते आणि तीन कुत्री होती. एक आमच्या ओळखीचे निघाले, जवळ आले, वास घेतला आणि परत चुलीच्या जागेवर जाऊन बसले. गावातला एक मुलगा रोज भाकरी टाकतो म्हणाला. पुढच्या हंगामाच्या मागणीपत्राचा मसुदा आमच्या पिशवीत आहे. त्यात ट्रॉलीतल्या जागेचे कलम अजून नाही. अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आम्ही बसतो. ते कलम आज रात्री मुक्कामावर लिहू.