चाकणचा ४१०५०१

चाकणच्या कारखान्यांतून निघणाऱ्या पाकिटांवर, चलनांवर, बिलांवर पत्त्याच्या शेवटी एक संख्या असतेच : ४१०५०१. पिनकोडची ही पद्धत टपाल खात्यात सुरू झाली १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ती आखली संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणाऱ्या एका मराठी अधिकाऱ्यानं, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पत्र योग्य गावी पोचावं, एवढंच काम या सहा अंकांना नेमून दिलं होतं. पण संख्या म्हटली की तिची घडणही आली, आणि चाकणच्या संख्येची घडण खरोखर देखणी आहे.

ती मधोमध तोडावी. ४१० आणि ५०१. वजाबाकी ९१, म्हणजे सात तेरे. आता १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. आणि ४१०५०१ म्हणजे ४१० वेळा १००१, अधिक ९१. त्यामुळे तिला ७ आणि १३ यांनी निःशेष भाग जातो. भागत गेलं की हाती येतात ७, १३, पुन्हा १३ आणि ३४७. यातली प्रत्येक मूळ संख्या.

चिंचवडगावचा ४११०३३ घेतला, तर अवयव पडतात ३, ७, २३, पुन्हा २३ आणि ३७. दोन्हीकडे सात, दोन्हीकडे एका मूळ संख्येचा वर्ग. हा निव्वळ योगायोग, पण तो शोधून काढण्यातला आनंद खरा.

हा आनंद दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी जन्मभर घेतला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. त्यांचा एक खेळ असा : संख्येचे अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. अंक एकसारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या अशी शेवटी ६१७४ वर थांबते, हे त्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. पुढे मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून ते जगभर नेलं.

सहा अंकांत मात्र एकच मुक्काम नाही. काही संख्या ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि उरलेल्या बऱ्याचशा सात संख्यांच्या फेऱ्यात अडकतात. चाकणची संख्या घ्या : ५४११०० वजा ००११४५, उत्तर ५३९९५५. असं करत नवव्या वजाबाकीला ४२०८७६ येतं. तिथून ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. प्रत्येक उत्तराला ९ नं भाग जातो, कारण तेच अंक फक्त जागा बदलतात.

चिंचवडगावची संख्या दुसऱ्या वजाबाकीत ६५१७४४ वर येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पत्त्यातला पिंपरीचा ४११०१८ सहाव्या वजाबाकीत तिथंच पोचतो आणि पुढची वाट दोघांची एकच. भोसरीचा ४११०३९ तर दुसऱ्याच वजाबाकीत ८६२६३२ वर, म्हणजे थेट फेऱ्यात शिरतो.